माँतों: लिंबांचं गाव, आजाऱ्यांचं गाव की नुसतं म्हाताऱ्यांचं?

सागरवेडी
मंडळी, येत्या फेब्रुवारीत मी आणि नवरा दक्षिण फ्रान्सला निघालोय. सुरुवात मार्सेयपासून. सावरकरांनी ८ जुलै १९१० ला जिथे बोटीतून उडी घेतली ते बंदर बघायचंच, हे माझ्या सासऱ्यांनी आधीच बजावलंय. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं पूर्वेला नीसपर्यंत. पुढे अगदी इटलीच्या हद्दीला टेकलेलं माँतों नावाचं गाव आहे, तिथे दोन रात्री काढाव्यात असं माझ्या मनात आहे. नवऱ्याचं म्हणणं, नीसलाच राहू आणि माँतोंला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ, कारण तिथे निवृत्त लोकांशिवाय काही नाही.
मी जे थोडंफार वाचलंय त्यावरून गावाचा इतिहास मला फार ओढ लावणारा वाटतो. कोणी राहिलंय का तिथे? गावाचा स्वभाव कसा आहे? नुसतं 'काय बघावं' नकोय, ते नेटवर मिळतं.

आप्पा_श्टुटगार्ट
तुमचे यजमान बरोबर सांगताहेत. आम्ही राहिलो होतो. रात्री आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. किनाऱ्यावर वाळू कमी आणि गोटे जास्त. रंगीत घरं छान आहेत, फोटो सुंदर येतात, पण एक दिवस पुरे. नीसला राहा, जुन्या बाजारात हिंडा, संग्रहालयं बघा.

कैरीपन्हं
वाचतेय. खूण म्हणून प्रतिसाद.

गणपुले_मास्तर
आप्पा, रात्री आठनंतर शांत असणं हा गावाचा दोष कधीपासून झाला?
सागरवेडी, इतिहासाची ओढ आहे म्हणता म्हणून जरा सविस्तर लिहितो. माँतों १३४६ मध्ये मोनाकोच्या ग्रिमाल्डी घराण्यानं विकत घेतलं आणि मधला काही काळ सोडला तर पुढची पाचशे वर्षं ते मोनाकोच्याच राजाचं गाव होतं. आज मोनाको म्हटलं की जुगारखाना आणि मोटारींची शर्यत आठवते, पण तेव्हा त्या संस्थानाचं पोट भरत होतं ते माँतोंच्या लिंबांवर आणि शेजारच्या रोकब्रूनच्या ऑलिव्हवर. मोनाको म्हणजे खडकावरचा किल्ला, पिकाऊ जमीन सगळी या दोन गावांची.
राजा पाचवा ओनोरे यानं धान्य-पिठाची मक्तेदारी लादली. लोकांनी ठरलेल्या गिरणीचंच पीठ आणि ब्रेड घ्यायचा, तोही निकृष्ट आणि महाग. वर निर्यातीवर कर. अखेर १८४८ मध्ये, युरोपभर उठाव होत होते त्याच वर्षी, माँतों आणि रोकब्रून यांनी मोनाकोपासून फुटून स्वतःला 'मुक्त नगर' जाहीर केलं आणि सार्डिनियाच्या राजाचं संरक्षण घेतलं. १८६० मध्ये मतदान झालं, कौल फ्रान्सच्या बाजूनं पडला. २ फेब्रुवारी १८६१ च्या तहानं मोनाकोच्या राजानं दोन्ही गावांवरचा हक्क ४० लाख फ्रँकना फ्रान्सला देऊन टाकला.
आता पुढचं बघा. दोन्ही गावं प्रत्यक्षात १८४८ मध्येच हातची गेली होती, त्यामुळे मोनाकोच्या तिजोरीत काही उरलं नाही. म्हणून १८५६ मध्ये तिथे जुगाराला परवाना दिला गेला. पहिली काही वर्षं तो डबघाईलाच होता, १८६३ मध्ये फ्रांस्वा ब्लाँ या माणसानं तो हातात घेतला आणि पैशांचा पूर आला. इतका, की १८६९ मध्ये मोनाकोनं आपल्या नागरिकांचा प्रत्यक्ष करच माफ केला. माँतोंचे शेतकरी ब्रेडवरून रागावले नसते तर मोनाकोतलं माँटे कार्लो आज जसं आहे तसं झालं असतं का, याची मला शंका आहे.

निशिगंधा_पुणे
मास्तर, काय सुंदर लिहिलंत! हे अजिबात माहीत नव्हतं. आणखी येऊ द्या.

डॉ_विभावरी
इतिहासाचा दुसरा धागा वैद्यकातला आहे, तो मी पुढे नेते.
१८५९ च्या हिवाळ्यात डॉ. जेम्स हेन्री बेनेट नावाचे इंग्रज डॉक्टर माँतोंला आले. त्यांना क्षय झाला होता आणि आपण शेवटचे दिवस मोजतोय अशीच त्यांची समजूत होती. पण त्या हिवाळ्यात ते सुधारले. पुढे दर हिवाळ्यात इथे येऊन ते रुग्ण तपासू लागले, या हवेवर पुस्तक लिहिलं, त्याच्या आवृत्त्या निघाल्या, भाषांतरं झाली. मग इंग्लंड, जर्मनी, रशिया इथून खोकणारी श्रीमंत माणसं माँतोंला लोटली. १८६९ मध्ये रेल्वे आल्यावर तर विचारायलाच नको. १८८२ च्या वसंतात खुद्द व्हिक्टोरिया राणी इथे येऊन राहिली.
हवेत तथ्य होतं का? गावाच्या पाठीशी आल्प्सची भिंत आहे. एक हजार मीटरच्या वरचे डोंगर समुद्रापासून थोड्याच अंतरावर उभे आहेत, त्यामुळे उत्तरेचं गार वारं अडतं आणि हिवाळा बाकीच्या किनाऱ्यापेक्षाही उबदार राहतो. लंडनच्या धुरातून आलेल्या माणसाला ऊन, मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं जेवण मिळाल्यावर बरं वाटणारच. काही जणांची प्रतिकारशक्ती सावरायची आणि आजार दबायचा. पण जंतू मरत नव्हता. त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये हाती लागलं. तोवर डॉक्टरकडे हवा सोडून लिहून देण्यासारखं फार काही नव्हतं. आपल्याकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं, मिरजेजवळ वानलेसवाडीचं झालं, त्यामागेही हाच विचार होता.
माँतोंला गेलात तर जुन्या किल्ल्याच्या जागेवरच्या कबरस्तानात जरूर जा. गावाच्या सगळ्यात उंच टोकावर, समुद्राकडे तोंड करून ते आहे. दगडांवरची वयं वाचत चला. एकोणीस, बावीस, सव्वीस. जन्मगाव कुठलं तरी बर्फातलं.

वाटाड्या
त्याच कबरस्तानात विल्यम वेब एलिसची कबर आहे. शाळेच्या मैदानात फुटबॉल हातात घेऊन पळत सुटला आणि रग्बी जन्मली, अशी ज्याच्याबद्दल आख्यायिका आहे तो. रग्बी विश्वचषकाला त्याचंच नाव आहे. पुढे पाद्री झाला, १८७२ मध्ये या किनाऱ्यावर वारला. कबर कोणाच्या लक्षातही नव्हती, १९५० च्या दशकाच्या शेवटी शोध लागला. आता जगभरच्या क्लबांनी तिथे पाट्या लावल्यात.
चित्रकार ऑब्री बियर्ड्स्ली मात्र दुसऱ्या कबरस्तानात आहे, त्राब्युकेला, आणखी वर चढून. १८९८ मध्ये पंचविसाव्या वर्षी क्षयानं गेला.

कैरीपन्हं
पंचविसाव्या वर्षी! त्याची काळ्या शाईची चित्रं आम्हाला कला महाविद्यालयात दाखवायचे. ती बघून कुठलाही मुरलेला म्हातारा चित्रकार डोळ्यांसमोर येतो.

रावळनाथ
विभावरीताई, माहिती उत्तम. पण 'बेनेट आले आणि गाव घडलं' ही मांडणी मला पटत नाही. जवळपास सगळ्या लेखांत हीच सापडते. म्हणजे त्याआधी तिथे कोणी राहतच नव्हतं का?
मी सिंधुदुर्गातला, घरची आंब्या-काजूची बाग आहे. माँतोंच्या मागच्या डोंगरावर चढलो तेव्हा पहिल्यांदा नजर गेली ती गडग्यांवर. डोंगराच्या पोटाला एकावर एक पायऱ्या, प्रत्येकीला सुक्या दगडांचा बांध, कुठेही चुना-सिमेंट नाही. पाण्याला वाट ठेवून दगड असा रचायचा की पावसात पागोळी लागली तरी बांध फुगू नये. हे काम काय असतं ते मला माहीत आहे. पिढ्यान् पिढ्या खपल्याशिवाय असा डोंगर उभा राहत नाही. त्या पायऱ्यांवर लिंबं. १७ व्या शतकातच लिंबांच्या व्यापारावर देखरेख करायला वेगळे अधिकारी होते. बायका डोक्यावर भरलेल्या करंड्या घेऊन डोंगर उतरायच्या आणि थेट बंदरात माल पोचवायच्या. तिथून लिंबं उत्तर युरोप आणि अमेरिकेपर्यंत जायची.
इथलं झाड वर्षातून अनेकदा फुलतं, म्हणून एकाच फांदीवर फूल, हिरवं फळ आणि पिकलेलं फळ एकत्र दिसतं. बेनेटसाहेबांना जी हवा मानवली तीच लिंबाला मानवलेली होती, आणि ती कळलेली माणसं तिथे शेकडो वर्षं राहत होती.
मग पाहुणे आले आणि बागांच्या जागेला बागेपेक्षा जास्त भाव आला. तिकडे सिसिली आणि कॅलिफोर्नियाच्या लिंबानं बाजार खाल्ला. फेब्रुवारी १९५६ ची थंडी पडली तेव्हा झाडं जळाली, आणि फांद्या वाळवत जाणारा बुरशीचा रोग होताच. आज पुन्हा थोड्या बागा उभ्या राहताहेत, २०१५ मध्ये माँतोंच्या लिंबाला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या हापूसला मिळालंय तसंच. त्या लिंबाची साल जाड आणि सुवासिक असते, कडवट नाही. तिथले लोक सालीसकट कापून खातात.

निशिगंधा_पुणे
सालीसकट? मग लोणचं फर्मास होत असणार!

रावळनाथ
निशिगंधाताई, मी एक किलो आणून घातलंय. खार सुटायला वेळ लागला, पण साल सुंदर मुरते. मात्र भाव बघितलात तर फोडी मोजून वाढाल.

डॉ_विभावरी
रावळनाथ, तुमचा मुद्दा मान्यच आहे. मी रोग्यांच्या बाजूनं लिहिलं, तुम्ही बागाइतांच्या. पण एक जोडते. रोबर्ट कॉखनं १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला आणि हा रोग संसर्गानं पसरतो हे सिद्ध झालं. त्यानंतर पाहुण्यांबद्दलची भीतीही आली. ज्या घरांत रोगी राहायचे तिथे कामाला कोण होतं? डोंगरावरच्याच बायका. धुणं, अंथरुणं, थुंकीची भांडी. त्यांच्यापैकी किती जणींना लागण झाली असेल हे कुठल्या संगमरवरावर कोरलेलं नाही. मला तरी ते कबरस्तान बघताना हेच डोक्यात येत राहिलं.

गणपुले_मास्तर
फार महत्त्वाचं लिहिलंत, विभावरीताई.

चित्रा_क
मी दरवर्षी फ्रान्सला येऊनजाऊन असते, त्यामुळे थोडं नंतरच्या काळाबद्दल.
आप्पांना जे मरगळलेलं वाटलं त्यामागे एक कारण आहे. हे गाव हिवाळ्यासाठी बांधलं गेलंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाहुणे यायचे, वसंत संपला की जायचे. उन्हाळ्यात मोठी हॉटेलं चक्क बंद असायची, कारण उन्हात बसणं तेव्हा प्रतिष्ठेचं नव्हतं. १९२० च्या दशकात अंग रापवायची टूम निघाली आणि १९३६ मध्ये फ्रेंच कामगारांना भरपगारी रजा मिळाली. गर्दी उन्हाळ्याकडे सरकली, आणि ती वाळू असलेल्या किनाऱ्यांकडे गेली. माँतोंची राजवाड्यासारखी हॉटेलं पुढे फ्लॅटमध्ये विभागली गेली. विंटर पॅलेस, रिव्हिएरा पॅलेस बाहेरून बघा, त्या गच्च्यांवर आता लोकांचे कपडे वाळत असतात. १९०९ चा कुर्साल जुगारखाना आज पाले द लेरोप नावानं प्रदर्शनांची जागा आहे.
आणि सागरवेडी, नगरपालिकेतलं लग्नाचं दालन चुकवू नका. फ्रेंच कवी-चित्रकार जाँ कॉक्तोनं १९५७-५८ मध्ये ते आतून रंगवलं. समोरच्या भिंतीवर वधूवरांचे मोठे चेहरे आहेत. वराच्या डोळ्याच्या जागी मासा, कारण तो इथला कोळी. वधूच्या डोक्यावर माँतोंची गवती टोपी. बाजूच्या भिंतीवर ऑर्फियस आणि युरिडिसी, म्हणजे बायकोला मागे वळून पाहिलं आणि ती कायमची गेली ती गोष्ट. लग्नाच्या खोलीत हे चित्र काढायला धाडस लागतं. जमिनीवर बिबट्याच्या कातड्यासारखा गालिचा. आजही तिथे नोंदणी विवाह लागतात.
बंदराजवळच्या १७ व्या शतकातल्या बुरुजातलं छोटं संग्रहालयही त्याचंच, त्यानं स्वतः मांडायला घेतलेलं. १९६३ मध्ये तो वारल्यानंतर ते उघडलं. समुद्रालगतचं नवं मोठं संग्रहालय २०११ चं, पण २०१८ च्या वादळात समुद्राचं पाणी आत शिरून त्याचं फार नुकसान झालं. मला त्याचा अजून त्रास होतो.

आप्पा_श्टुटगार्ट
चित्राताई, हॉटेलांच्या गच्च्यांवरचे कपडे मी पाहिलेत, त्यामागचं कारण आज समजलं. पण मग माझा मुद्दाही उभाच राहतो. ज्या कामासाठी गाव बांधलं ते काम संपलं. आता उरलंय ते जपून ठेवलेलं. दोन रात्री राहायला गाव आज जगतंय का, हे बघायला नको?

दूरदेशी
आप्पा, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला खास लॉगिन झाले. माझी मुलगी तिथे शिकते. पॅरिसच्या सियाँस पो या विद्यापीठाचा भूमध्य आणि मध्यपूर्वेच्या अभ्यासाचा विभाग २००५ पासून माँतोंला आहे. समुद्रकाठी पुस्तक उघडून बसलेली अरबी, फ्रेंच, इंग्रजी बोलणारी पोरं सकाळ-संध्याकाळ दिसतात. निवृत्त लोक भरपूर आहेत, ते खरं. पण हे गाव मेलेलं अजिबात नाही.
आणि ते जिवंत आहे ते सीमेमुळेही. गावाच्या पूर्व टोकाला चालत गेलात की इटली. १९४० च्या जूनमध्ये मुसोलिनीनं फ्रान्सवर हल्ला केला तेव्हा माँतोंच्या लोकांना गाव रिकामं करून दूर पिरेने डोंगरांच्या बाजूला पाठवलं होतं. परत आले तेव्हा गावात इटालियन राज्य, पैसा लिरा, शाळेत इटालियन. सप्टेंबर १९४३ नंतर जर्मन आले. सप्टेंबर १९४४ मध्ये सुटका झाली. मुलीच्या घरमालकीणबाईंच्या आईनं हे सगळं पाहिलेलं.
२०१५ च्या उन्हाळ्यात त्याच सीमेवर फ्रान्सनं सुदान-इरिट्रियाकडून आलेल्या तरुणांना अडवलं आणि ती पोरं कित्येक महिने समुद्रातल्या खडकांवर झोपत होती. वर रस्त्यावरून लोक गाडीतून बाजाराला जात होते. इथे काही गावकरी अन्न घेऊन जायचे, काही रागवायचे. आजही सीमेपलीकडच्या इटलीतल्या व्हेंतिमिल्याहून येणाऱ्या गाडीत पोलीस चढतात आणि कोणाचे कागद बघायचे ते चेहरे बघून ठरवतात. माझ्या मुलीला पासपोर्ट जवळ ठेवल्याशिवाय गाडीत बसू नकोस असं सांगून ठेवलंय. सागरवेडी, तुम्ही दोघंही ठेवा.
ज्या गावानं एका शतकात दूरच्या आजारी माणसांना हवेसाठी बोलावलं, त्याच गावाच्या वेशीवर दुसऱ्या शतकात माणसं अडवली जातात, हे मला तिथल्या सुंदर रस्त्यावरून चालताना विसरता येत नाही.

वाटाड्या
दूरदेशी, बोलावलं ते पैसेवाल्या आजाऱ्यांना. फरक तिथेच आहे.

दूरदेशी
हो. तोच.

कैरीपन्हं
अवांतर: तिकडे शाकाहारी खायला काय मिळतं? धागा वाचून भूक लागली.

चित्रा_क
सोक्का खा. हरभऱ्याच्या पिठाची, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेली, वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याचीच बहीण. बार्बाजुआँ म्हणजे पालेभाजी आणि चीज भरून तळलेला पुडा, पण कधी त्यात मांस असतं, विचारून घ्या. पिशाद हा कांदा-टोमॅटोचा जाड पोळा, त्यातही अँचोवी मासा असू शकतो. गोड हवं तर माँतोंची फुगास, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेली.

निशिगंधा_पुणे
फेब्रुवारीत जाताय म्हणजे लिंबांचा उत्सव मिळेल ना?

वाटाड्या
मिळेल. १९३४ पासून या नावानं भरतो. बिओव्हे बागेत लिंबू-संत्र्यांची अवाढव्य चित्रशिल्पं उभारतात, एकेक फळ रबरानं बांधून. एकूण फळं शंभर टनांहून जास्त लागतात. यातली बहुतेक स्पेनहून येतात, कारण माँतोंचं लिंबू तेवढं पिकतच नाही आणि पिकलं तरी असं उधळण्याइतकं स्वस्त नाही. २०१८ चा विषय बॉलिवूड होता! लिंबांचे हत्ती आणि नाचणाऱ्या जोड्या, आणि रस्त्यावर ढोल. फ्रेंच आजीबाई हिंदी गाण्यांवर मनापासून नाचत होत्या.

रावळनाथ
स्पेनचं फळ आणून माँतोंचा उत्सव, हे मला खटकतं. पण बागाइतांशी बोललो तेव्हा त्यांना तसं वाटत नव्हतं. उत्सवामुळे नाव राहतं, नावामुळे त्यांच्या लिंबाला भाव मिळतो, असं ते म्हणाले. एखाद्या बागेत फेरी घडवून आणतात, ती नक्की घ्या.

सागरवेडी
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला अख्खा धागा वाचायला लावला. रग्बी कळल्यावर त्याचा विरोध निम्मा झालाय. उरलेला निम्मा आहे तो खर्चाचा, कारण उत्सवाच्या दिवसांत हॉटेलं फार महाग दिसताहेत.
एक विचारते. मला ते कबरस्तान, बागा आणि लग्नाचं दालन घाईशिवाय बघायचंय. उत्सव नाही मिळाला तरी चालेल.

गणपुले_मास्तर
मग उत्सव संपल्यावर लगेचच्या आठवड्यात जा. मंगळवार-बुधवार धरा. लग्नाचं दालन नगरपालिकेच्या कचेरीत आहे, शनिवार-रविवारी कचेरी बंद असते आणि लग्न असेल तेव्हा आत सोडत नाहीत. दोन रात्री राहाच. सकाळी लवकर सँ-मिशेल चर्चच्या समोरच्या अंगणात जा, गोट्यांची नक्षी केलेलं आहे, १९५० पासून तिथे उन्हाळ्यात संगीत महोत्सव होतो. तिथून पायऱ्या चढून किल्ल्याच्या जागेवर. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे सांभाळून.

आप्पा_श्टुटगार्ट
बरं, दोन रात्री राहा! पण शुक्रवार जमवलात तर आणखी बरं. व्हेंतिमिल्याचा आठवडी बाजार शुक्रवारी असतो, गाडीनं दहा-पंधरा मिनिटं. चीज आणि चामड्याच्या वस्तू तिथे स्वस्त पडतात. परतीच्या गाडीला गर्दी फार, दुपारी दोनच्या आत निघा.

दूरदेशी
सागरवेडी, वाल राम्ये बाग बघायची असेल तर आधी वेळ तपासा, दुपारी मधे बंद असते. तिथे ईस्टर बेटावरचं तोरोमिरो हे झाड आहे, त्याच्या मूळ बेटावरच्या जंगलातून ते नाहीसं झालेलं. आणि मुलीला सांगून ठेवते, तारखा कळवा. पुण्याहून काही आणू नका म्हणेल, पण बाकरवडी आणलीत तर नाही म्हणणार नाही.